फोनवर वाजवलेलं तुझं गाणं

अम्मा, मला तुझा राग आला आहे. हे तुझ्यापर्यंत जाणार नाही. तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. तरी लिहिते.

माझ्या फोनवर एक वाद्य आहे. खरं वाद्य लाकडाच्या फळीवर लोखंडी पट्ट्या बसवून करतात. इथं त्या पट्ट्या काचेवर नुसत्या रंगवलेल्या. फोन दोन्ही हातांत धरायचा आणि अंगठ्यांनी वाजवायचं. कॉलेजात पेपर तपासून मान अवघडली की मी ते घेऊन बसते. एका दुपारी अंगठे आपोआप तुझ्या गाण्यावर गेले. भवानी पेठेतल्या खोलीत तू मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते आहेस, भोवती शेजारणी, आणि सगळ्या मिळून ते गाणं म्हणता आहात. मी दारात आले की गाणं थांबतं. "काय बगतीस? पुस्तक घे," एवढंच तू म्हणतेस. तेही मराठीत. आपसात तेलुगू आणि माझ्याशी मराठी, हा तुझा नियम होता. मी एकदा बिडीचं एक पान वळून पाहिलं, तर तू कात्रीची मूठ माझ्या अंगठ्यावर मारलीस.

शब्द कधी कानावर नीट पडलेच नाहीत. चाल राहिली. मी तिला अंगाई समजत आले. वर्गात एकदा तिच्याबद्दल बोललेही: राबणाऱ्या बायकांचं दुःख, वगैरे.

शब्द हवे होते म्हणून रविवारी कुंभारीला गेले. तुझी धाकटी बहीण तिथं बिडी कामगारांच्या वसाहतीत राहते, अजून वळते. तिला चाल वाजवून दाखवली. मावशीचा हात थांबला. मग ती हसायलाच लागली आणि तिनं शेजारणीला हाक मारली.

"आगं, हिकडं ये! मास्तरीण काय वाजवतीया बग!"

शेजारणीनं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

"अंगाईच ना ही?" मी विचारलं.

"अंगाई? चेकरची हाय की ती! आमच्या बिड्या छाट म्हणून फेकून द्यायचा न्हवं का त्यो मेला, त्याला घातलेल्या शिव्या हायत. तुज्या अम्मानंच जोडल्यात. लई घाण."

"शब्द सांग."

"तुला? न्हाय बाई. तू कालेजातली."

"मावशी, मी पन्नाशीची आहे."

"आसशील की. तुज्यासमोर म्हणायचं न्हाय, आसं अक्का बजावून गेलीया."

तिथं मला संताप आला. जातानाही दार लावून गेलीस. आपल्या घरात एवढं हसू होतं आणि ते मला सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. माझ्या वाट्याला काय? सरळ बस, मोठ्यानं वाच, पहिला नंबर काढ. माझी आई कष्टाळू होती, अबोल होती, असं मी लोकांना सांगत आले. कारखान्याच्या चेकरवर शिव्यांचं गाणं रचणारी बाई मला कधी भेटलीच नाही. तिच्याशी माझं जमलं असतं, अम्मा. मला शिकवायचं म्हणजे मला बाहेर ठेवायचं, हे तू एकटीनं ठरवलंस. कुणी दिला तुला तो अधिकार?

माझा चेहरा मावशीला दिसला असावा. तिनं फोन ओढून घेतला, एका पट्टीवर अंगठा टेकवला. आवाज नाही. पुन्हा टेकवला. वळून वळून निबर झालेला अंगठा काचेला कळेना.

"ह्यो बी चेकरच," ती म्हणाली. अंगठा जिभेला लावला, आणि पट्टी वाजली. मग ती एकच पट्टी ठोकत तिनं खालच्या आवाजात गाणं सुरू केलं. दुसरी ओळ शेजारणीनं उचलली. शेवटाला पोहोचेपर्यंत दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या होत्या.

सगळं तेलुगूत होतं. ये, जेव, झोप, एवढीच तेलुगू तू माझ्यापर्यंत पोचू दिलीस. 'चेकर' सोडून मला एक शब्द कळला नाही. अर्थ विचारता आला असता. विचारला नाही. मीही त्यांच्याबरोबर हसले, सगळं कळल्यासारखी.