कॉफी मशीनचे दोन दिवे

४ ऑक्टो., शनि.
प्राचीचं कॉफी मशीन बिघडलं. सकाळी पावणेआठला. वरचे दोन्ही दिवे, लहान कपाचा आणि मोठ्या कपाचा, भराभर उघडझाप करतायत. एरवी पंचवीस सेकंद सावकाश करतात, मग स्थिर होतात, मग ती कॅप्सूल घालून बटण दाबते. आज स्थिर झालेच नाहीत. तरी दाबलं, तर नुसतं घरघरलं. पाण्याचा थेंब नाही.

तिची साडेआठला मीटिंग, शनिवार असून. म्हणाली राहू दे आई, बघू नंतर. मी माझा चहा टाकलाच होता, त्यातला अर्धा कप दिला. ओट्याला टेकून उभ्यानेच प्यायली.

एकतीस वर्षं अंधेरीच्या कंपनीत टेलिफोन बोर्डावर बसले. दिवा लागला म्हणजे कोणाला तरी काहीतरी सांगायचंय, एवढं मला कळतं. बघतेच काय म्हणतात ते. नोंद इथेच ठेवीन.

५ ऑक्टो., रवि.
८.१० – प्लग काढून दहा मिनिटांनी लावला. दिवे २५ से. सावकाश, मग भराभर. पाणी नाही.
८.४० – वापरलेल्या कॅप्सूलचा डबा रिकामा केला. अकरा निघाल्या, एक बुरसटलेली. दिवे तेच.
९.०५ – प्रा.ने मोबाइलवर वाचून सांगितलं, आत हवा अडकली असेल. कॅप्सूल न घालता मोठ्या कपाचं बटण दाबायचं, दोनतीनदा. दाबलं. घरघर वाढली, बाकी काही नाही.

शेजारच्या परब वहिनी कोथिंबीर मागायला आल्या. कोथिंबिरीचं निमित्त. दार लोटून विचारतात, "ती अजून हयच रवता?" म्हटलं, हो, रवता, इथेच राहते. आणि जुडीतली चार काड्या कोथिंबीर दिली.

७ ऑक्टो., मंगळ.
आज प्रा.ने सांगितलं. ऑफिस मुलुंडला हलतंय, एक नोव्हेंबरपासून रोज जायचं, घरून काम बंद. चारकोपहून मुलुंड रोज जमणार नाही. तिकडे भाड्याने जागा बघतेय.

मी गवार मोडत होते. बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार. माझा मंदार कॅनडाला जाऊन दीड वर्ष झालं. तिकडे दुसरीबरोबर घर मांडलं, इथे बायको आईकडे ठेवून गेला, छत्री विसरून जावी तसा. ऑगस्टमध्ये कोर्टाचा कागद आला. कायद्याने आता प्राची माझी कोणी नाही. तिचे आई-वडील सांगलीला बोलावतात, ती जात नाही. इथे राहिली. का राहिली ते मी कधी विचारलं नाही, उत्तर आलं असतं तर?

मशीन पाहिलं नाही आज.

८ ऑक्टो., बुध.
झोप नीट नाही. पण लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी फक्त रडगाणं लिहिते.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. दिवसातून सहा वेळा थेंब. प्रा. गजर लावून मीटिंगमधून उठून यायची, कानात ते यंत्र तसंच, एका हाताने माझी पापणी धरायची आणि तिकडे साहेबाला येस येस म्हणायची. एकही वेळ चुकली नाही. पोटच्या पोराने दोनदा फोन केला, त्यातला एक त्याच्या बँकेच्या कागदांसाठी. आज मी हे अक्षर वाचतेय ते हिच्यामुळे. माझं नशीब थोर, म्हणून ही पोरगी माझ्या वाट्याला आली. थांबवायचा हक्क मात्र मला नाही.

९ ऑक्टो., गुरु.
११.२० – मशीनवाल्यांच्या मदतीच्या नंबरला फोन. चौदा मिनिटं वाजंत्री ऐकवली. आम्ही तिसऱ्या रिंगला उचलायचो. पण बाई उचलल्यावर गोड निघाली, आवाज स्वच्छ, घाई नाही. सगळी नोंद वाचून दाखवली तर म्हणाली, मॅडम, इतकं व्यवस्थित कोणीच सांगत नाही. बरं वाटलं.

तिचं म्हणणं: आत क्षार साचले. कंपनीचं पाकीट आणून पाण्यात घाला, दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरा, मशीन स्वतःला धुऊन घेईल. मी विचारलं, लिंबाचं सत्त्व चालेल का, आम्ही पितळेला लावतो. नाही म्हणाली.

१० ऑक्टो., शुक्र.
प्रा. आज बसून चहा प्यायली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, पाय वर घेऊन, बटर बुडवून. वीस मिनिटं.

एरवी काय व्हायचं, कॉफीचा कप घेऊन खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. दुपारी दीडपर्यंत तिचा नुसता आवाज. आज कळलं की तिला चहात आलं आवडत नाही, घसा जळतो. चार वर्षं मी आलं घालतेय आणि ती नको म्हणायची, मला वाटायचं हिला चहाच आवडत नाही. गवती चहा चालतो म्हणे. कमाल आहे माझी.

११ ऑक्टो., शनि.
पाकीट आलं. दोन्ही बटणं, तीन सेकंद. दिवे एकदम लागले, म्हणजे धुवायला तयार. पुढे घरघर, पाणी खेचतच नाही. जे पाणी खेचत नाही ते धुणार कसं.

पुन्हा फोन, दुसरी बाई. म्हणाली दुरुस्तीला पाठवा, तीन आठवडे लागतील. प्रा. म्हणाली, तेवढ्यात मी गेलेली असेन.

सकाळी गवती चहा. पंचवीस मि. तिच्या शाळेतल्या संमेलनात ती झाड झाली होती, दीड तास. खूप हसलो.

१२ ऑक्टो., रवि.
चहा. अर्धा तास. मुलुंडच्या जागेचे फोटो दाखवले. दोन खोल्या, उजेड आहे. चांगली आहे म्हटलं. चांगली आहेच.

१३ ऑक्टो., सोम.
दिवाळीची साफसफाई. मशीनची पाण्याची टाकी घासायला गॅलरीत नेली. उन्हात धरली तर तळाच्या झडपेत काहीतरी गुलाबी दिसलं. स्प्रिंगच्या खाली दडलेलं. चष्मा बदलला, सेफ्टी पिन घातली, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बाहेर आलं.

तांदळाचा दाणा. फुगलेला, कुंकवाने रंगलेला.

दसऱ्याला मी घरातल्या यंत्रांची पूजा केली होती. मिक्सर, इस्त्री, शिवणयंत्र. प्रा. लॅपटॉपवर हळदकुंकू लावू देईना, आई, बटणात जाईल म्हणाली. म्हणून लॅपटॉपच्या वाटणीच्या अक्षताही मी कॉफी मशीनवर टाकल्या, मूठभर, वर एक झेंडू. टाकी नुकतीच भरली होती, झाकण उघडंच. सगळे दाणे पुसून घेतले असं वाटलं होतं. दसऱ्याला आणि दुसऱ्या दिवशी मशीन चाललं, दाणा फुगायला वेळ लागला असणार. आणि मी दहा दिवस दिव्यांची नोंद ठेवतेय.

टाकी बसवली. दिवे २५ से. सावकाश, मग दोन्ही स्थिर. बटण दाबलं. पाणी आलं, गरम, सरळ धार.

आनंद झाला. लगेच मनात आलं, आता चहा बंद. प्लग काढून ठेवला.

१४ ऑक्टो., मंगळ.
प्रा.ने स्टुलावर बसता बसता विचारलं, आज दिवे काय म्हणतात? मी म्हटलं, तेच.

बोर्डावर मी रोज खोटं बोलले, साहेब जागेवर नाहीत म्हणून. ते पगारी खोटं. हे घरचं.

१५ ऑक्टो., बुध.
आजही नाही सांगितलं. ३५ मि.

१६ ऑक्टो., गुरु.
सगळं नीट लिहिते.

सकाळी प्रा. म्हणाली, मशीन न्यायला उद्या माणूस येतोय, मी बोलावलंय. मी म्हटलं, कशाला, तू तर जाणार. तर म्हणते, मला नाही न्यायचं, तुमच्यासाठी दुरुस्त करून ठेवते. तुम्ही इतके दिवस त्याच्या मागे लागलाय, मला वाटलं तुम्हाला आवडतं ते.

मला कॉफी कडू लागते. मशीन मला कधीच आवडलं नाही. आणि ही पोरगी जायच्या आधी माझी सोय लावतेय. मग मला राहवेना. टाकी काढून आणली, झडप दाखवली. दसऱ्याचा दाणा, सेफ्टी पिन, सोमवारची दुपार, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सोमवारपासून चालू आहे?"

"हो."

"मग तीन दिवस..."

"तू बसत होतीस ना गं माझ्याजवळ."

हसेल असं वाटलं होतं, किंवा चिडेल. दोन्ही नाही. टाकी माझ्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "आई, मुलुंडचं सांगितलं तेव्हा तुम्ही बरं म्हणालात. एकदा तरी थांब म्हणायचं होतं."

"कुठल्या नात्याने म्हणू? माझ्याच मुलाने हे केलं."

"मी पण कुठल्या नात्याने राहिले? पण राहिले ना."

साडेआठची मीटिंग होती, तिने फोन करून पुढे ढकलली. दोन कप कॉफी केली. मी माझा कप पूर्ण प्यायले, साखर न मागता. उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून मीच फोन केला.

१८ ऑक्टो., शनि.
मदतीच्या नंबरवर पुन्हा फोन. पहिली गोड बाई मिळावी म्हणून तीनदा लावला, मिळाली. तिला सांगितलं, टाकीच्या झडपेत तांदळाचा दाणा होता, पूजेचा. तुमच्या यादीत लिहून ठेवा, सणानंतर आणखी कोणाला होईल. ती हसली, मग म्हणाली, मॅडम, आमच्याकडेपण आईने मशीनला हार घातलाय, आज घरी जाऊन बघते. दोघींनी एकमेकींना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

सकाळी प्रा. कप घेऊन खोलीत नाही गेली. स्टुलावर. ती कॉफी, मी चहा.

२० ऑक्टो., सोम.
पहिली आंघोळ. साडेपाचला उठवलं. पाठीला तेल-उटणं लावून दिलं, बारीक झालीय, मणके लागतात हाताला. तुळशीपुढे तिने अंगठ्याने कारीट फोडलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत केलं होतं तसंच. मला भरून आलं. देवापुढे काही मागितलं नाही, नुसतं मिळालं त्याबद्दल हात जोडले.

मंदारचा व्हिडिओ कॉल. हॅपी दिवाळी. मग आवाज खाली करून, "ती अजून तिथेच आहे?" मी म्हटलं, हो. ती कुठे आहे ते मला माहीत आहे. फोन ठेवला. पहिल्यांदा मी ठेवला.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.
प्रा. मुलुंडला जाऊन जागा पक्की करून आली. माझ्यासाठी मऊ तळव्याच्या चपला आणल्या. फराळाचं मागितलं, चकल्या जास्त खाल्ल्या.

थांब म्हणायचं अजून जमलेलं नाही. आता म्हणून उपयोगही नाही, जागा झाली. रोज दोन-दोन तास प्रवासात घालव असं कोणत्या तोंडाने सांगू. हिला जाऊ देणं हेच बरोबर. तरी चकल्यांचा डबा भरताना हात थांबत होता.

२४ ऑक्टो., शुक्र.
प्रा.ने संध्याकाळी जेवायच्या टेबलावर एक कागद ठेवला. मुलुंडच्या सोसायटीचा फॉर्म. भाडेकरूचं नाव, तिचं. खाली, सोबत राहणाऱ्या व्यक्ती. तिथे तिच्या अक्षरात माझं नाव. पूर्ण नाव, वय, मोबाइल. त्यापुढचा नात्याचा रकाना रिकामा.

मी कागदाकडे बघतेय आणि ती कुकर लावतेय. माझ्याकडे पाठ करूनच बोलली, "दोन खोल्या मी एकटीसाठी घेतल्याच नव्हत्या. पण तुमचं घर इथे आहे, हे मला माहितीय. तो रकाना तुम्ही भरा. नाही भरलात तर मी नाव खोडते, राग नाही."

मी चष्मा शोधायला म्हणून इथे खोलीत आले. चष्मा डोळ्यांवरच होता.

चौतीस वर्षं या घरात. ह्यांनी स्वतः उभं राहून फरशी बसवून घेतली. खाली बाजार, मागे देऊळ, भिंतीपलीकडे परब वहिनी. मुलुंडला मला कोण ओळखतं. आणि रकान्यात काय लिहू? सासू लिहिलं तर कोर्टाच्या कागदाशी जुळत नाही. आई लिहिलं तर सांगलीला तिची आई आहे, तिला काय वाटेल. दीड वर्ष हिने मला काही न विचारता सांभाळलं, आणि आज पहिल्यांदा काही मागितलं, तेही दोन अक्षरं.

फॉर्म सोमवारी सकाळी द्यायचाय. परब वहिनींना विचारणार नाही. मंदारला तर नाहीच.