वाचला म्हणून सांगितलेला लेख

अण्णा, आपली धाकटी तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये. कारण कळलं तर तुम्ही माझीच बिनपाण्याने कराल, म्हणून आधी तुमच्याबद्दल लिहितो.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळी बदलताना तुम्ही विरोधी युनियनच्या फोरमनशी पेपरची अदलाबदल करायचात. सभेत एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि सकाळी गेटवर "अग्रलेख वाच, झोंबेल," म्हणत आपला पेपर दुसऱ्याच्या पिशवीत कोंबायचा. मी नववीत असताना एकदा त्याचा पेपर मी न उघडताच फडताळात डब्यांखाली अंथरला. तुम्ही एकेक डबा उतरवलात आणि तो कागद माझ्यापुढे ठेवलात. "वाच. मग त्याचं म्हणणं असं सांग, की तो म्हणाला पाहिजे, हो, हेच म्हणायचंय मला. त्यानंतर खुशाल शिव्या दे." मी सांगतोय, तुम्ही ओट्याशी कांदा चिरताय आणि दर वाक्याला, "हे तो नाही म्हणाला. हे तू म्हणालास."

आता मी उपहासाचं सदर लिहितो. आमच्या बाजूचे मथळा पाहून वा वा करतात, त्यांच्या बाजूचे माझं नाव पाहून शिव्या देतात. मजकूर बहुधा मुद्रितशोधक वाचतो, तोही पगारासाठी. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत दोन पक्षांचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. पाण्याचा टँकर कधी येणार हेसुद्धा दोनदा कळवावं लागतं. यावर मी लिहिलं. ते एकाच ग्रुपमध्ये फिरलं.

धाकटी आता दुसऱ्या बाजूला आहे. हे पाहायला तुम्ही नव्हतात. तिनं माझ्या सदराला उत्तर म्हणून सात पानं लिहिली. आयुष्यातला पहिला लेख. चार दिवसांनी फोन आला.

"दादा, वाचलास?"

"वाचला गं. छान लिहिलायस."

"मग शेवटी अण्णांबद्दल काय लिहिलंय?"

मी ती पानं कुठे ठेवली ते शोधू लागलो.

"पटला नसता तर भांडलो असतो रे आपण. तू उघडलासुद्धा नाहीस."

त्यानंतर तिनं फोन उचललेला नाही. हे पत्र तिला पाठवावं असं वाटलं होतं, पण ती वाचायचीच नाही, असं तिच्या वतीनं मीच ठरवून टाकलं.

काल लेख उघडला, अण्णा. तिसऱ्या ओळीलाच मला एक फर्मास टोमणा सुचला. या आठवड्याचं सदर त्याच्यावर निघालं. शेवटच्या पानावर तुमच्याबद्दल काय आहे, ते मला अजून माहीत नाही.