जागा आपोआप निवडा

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, खिडकीजवळची खुर्ची! नशीब फळफळलं म्हणायचं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचे. इथली एक गंमत म्हणजे नोकरी सोडलेल्यांची, अगदी वारलेल्यांचीही प्रोफाइलं पुसत नाहीत. माणूस गेला तरी त्याची खूण राहू द्यावी, असं हेडक्लार्क म्हणतात. त्यामुळे सर्व्हर गच्च. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, चला, भुतांच्या ऑफिसात लागलात! ठमी, आमची सहा वर्षांची लेक, खिदळत सुटली.

४ तारीख
नवं सॉफ्टवेअर टाकलं. स्वतः कुठे बसू, माणसांची प्रोफाइलं कुठे ठेवू, असं ते विचारतं. जागा तुम्हीच निवडा, त्याच्यावर सोडू नका, असं हेडक्लार्कांनी बजावलं होतं. पण आमच्या धंद्यात वाचत कोण बसतं? ‘आपोआप निवडा’वर टिचकी आणि पुढे, पुढे, पुढे. तेवढ्यात माझा फोनही त्याच कॉम्प्युटरला लावून चार्ज केला.

५ तारीख
सर्व्हर निम्मा रिकामा! साहेबांनी पाठ थोपटली. प्रोफाइलं उघडतात झटक्यात, पण ठेवली कुठे ते सापडेना.

७ तारीख
ही उजव्या हाताची, पण आज डाव्या हाताने भाजी चिरत होती. मधूनच ओट्यावर टकटक. ऑफिसात सहज बोललो, तर शिपायाने हातातला चहा तसाच खाली ठेवला. वारलेला स्टोअरकीपर डावखुरा होता म्हणे, आणि सारखं टेबल वाजवायचा.

१० तारीख
सेटिंग उघडलं. स्टोअरकीपरचं प्रोफाइल. साठवल्याची जागा: हिचं नाव. माहेरच्या आडनावासकट. तिने या ऑफिसात पाऊलही टाकलेलं नाही. फोनमधून घेतलं असेल— पण नाव घेणं वेगळं आणि माणूस घेणं वेगळं. मला भीती वाटते आहे.

१२ तारीख
ही मला साहेब म्हणते. ठमीकडे बघून विचारलं, ही पोरगी कुणाची? ठमी रडली. मीही.

१३ तारीख
सॉफ्टवेअर काढायला गेलो. प्रश्न आला— जागेसकट पुसायचं का? जागा म्हणजे तर ही! ‘नाही’ दाबलं. मग— उरलेल्यांसाठी नवी जागा तयार होत आहे. खाली ठमीचं नाव. वायर उपटली. पट्टी भरतच होती—

१४ तारीख
ठमी कोणाकोणाच्या आवाजात बोलते. म्हाताऱ्या बायका, घोगरे पुरुष. मधेच तिचा स्वतःचा— बाबा, मला जागाच नाही, मी कुठे जाऊ?
ऑफिसात धावलो. यादीत आता ठमीचंही प्रोफाइल होतं, जागा रिकामी. तिथे माझं नाव टाकलं. ये राणी, बाबाकडे ये—
आली. आली बहुतेक. पेन धरता येत नाही नीट—
बाबा इथे खूप माणसं आहेत बाबा तुम्ही दिसत नाही तुम्ही कु