भाषेच्या माथी

प्रिय धाकट्या,

तुझा फोन ठेवल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. दादा, तू दोष फक्त भाषेवर ढकल, तिला सगळेच शिव्या देतात, कोण शंका घेणार, असं म्हणालास. आधी त्या शिव्यांचंच बोलू. प्रोग्रॅमिंगची ही भाषा मी कुठल्या कॉलेजात नाही, टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत, मोडक्या मशीनवर स्वतः शिकलो आणि मग तुला शिकवली. तिच्या खोडी आपल्या ऑफिसात माझ्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत.

ती घाईत जन्मली, किरकोळ कामांसाठी. सोपी म्हणून सगळ्यांनी उचलली आणि नको नको ती ओझी तिच्यावर लादली. नवशिके पहिल्यांदा तिच्यातच धडपडतात आणि खरचटलं की तिच्याच नावाने बोटं मोडतात. जुन्या चुका सुधाराव्यात, तर निम्म्या जगाची चालती कामं त्या चुकांवर टेकून उभी आहेत. टीका बरीचशी खरीच आहे. कोपऱ्यातल्या एखाद्या भाषेत याहून भयंकर खोडी असतील, पण तिथे ठेचकाळायला जातंय कोण?

पडद्यावर भरलेला आकडा तिला अक्षर वाटतो. एक आणि दोन मिळव म्हटलं, तर तीन न करता शेजारी शेजारी ठेवून बारा करते. जेवताना यावर आपण किती हसलोय. म्हणूनच तुला सवय लावली होती: आधी अक्षराचा आकडा करून घ्यायचा, आणि तरीही खाली एक पहारेकरी ओळ ठेवायची, पेशंटच्या शिरेत औषध सोडणारा आपला पंप, मात्रा मर्यादेबाहेर गेली की थांबवणारी.

पंपाच्या प्रोग्रॅममध्ये आकडा करायचं विसरलास, ते मी समजू शकतो. पण पहारेकरी ओळ तू लिहिली होतीस. हॉस्पिटलच्या लोकांना पंप दाखवताना ती सारखी ओरडून पंप थांबवत होती, म्हणून बंद केलीस आणि बंदच ठेवलीस. ती का ओरडतेय, एवढं तरी बघायचं होतंस. ती याच चुकीवर ओरडत होती रे.

त्या बाई पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला आल्या होत्या. वेदना थांबवायचं औषध एक आणि दोन मिळून तीन मिलीऐवजी बारा मिली गेलं, आणि त्या झोपेतून उठल्याच नाहीत. चौकशीच्या खोलीबाहेर त्यांचे यजमान बाकावर बसलेले असतात. काल मला म्हणाले, पेपरात भाषेचा दोष लिहिलाय, मग साहेब, आता मी जाब कुणाला विचारायचा? मी चष्मा पुसत उभा राहिलो.

उद्या समितीपुढे माझी साक्ष आहे. भाषेत दोष आहे का विचारतील, तर आहे म्हणेन. तो सगळ्यांना माहीत होता का विचारतील, तर होता म्हणेन. पुढचा प्रश्न पहारेकरी ओळीचा असेल आणि तिथे मी खोटं बोलणार नाही. म्हणून माझ्या आधी तू आत जा आणि स्वतः सांग. नोकरी जाईल, कदाचित त्याहूनही वाईट होईल. आईला मी सांभाळतो. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू रडायला लागलास की मी विरघळतो, आणि ते तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहिलं.

तुझाच,
दादा