ज्ञानूचा बोअर

२ जून
नांदेड! खोली हवेशीर, मालकीणबाई गोड, आणि कचेरीत चक्क कूलर. काम पण झकास: गावोगावच्या बोअरची पाणीपातळी कॉम्प्युटरात भरायची, ग्राफ काढायचे. आपल्याकडं बोअरला मालकाचंच नाव, म्हणून प्रत्येक रेघ म्हणजे एक माणूस. अप्पांनी जळकोटला नवा बोअर घेतला, पाणी लई लागलं. माझ्या नोकरीच्या आनंदात त्याला माझंच नाव दिलं, गावभर 'ज्ञानूचा बोअर' म्हणून सांगत फिरून राहिलेत. येडे माझे अप्पा!

५ जून
मेला ग्राफ येईचना. एकच एरर: नावं जास्त, आकडे कमी. शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली. बिलोलीच्या नागाबाईच्या बोअरचा आकडाच नव्हता. आमचे साहेब अमृतराव सर म्हणाले, काढून टाक ते नाव, एका म्हातारीवाचून काय अडतंय. काढलं. ग्राफ आला. सरांनी भजी मागवली.

६ जून
नागाबाई काल बोअरपाशी बसल्या जागी गेली. गावोगावचे आकडे आणणाऱ्या भारतनं सांगितलं. वाईट वाटलं. पण वय झालं होतं म्हणे.

९ जून
परत तोच एरर. आता ईश्वरप्पाचा आकडा नाही. नाव काढायला हात धजेना. त्याच्या शेजारच्या ओळीतल्या भागवतचाच आकडा तिथं पण टाकला. ग्राफ गुमान आला.

१० जून
दोघंही गेले. ईश्वरप्पा आणि भागवत, दोघंही धडधाकट. भागवतची लेक दुसरीत आहे. मी मारलं त्याला. मीच. सरांना सांगितलं तर हसले. म्हणाले, आधीची पोरगी पण अशीच रडायची, पण ग्राफ द्यायची.

१२ जून
एरर. आकडा नाही. नाव — ज्ञानू, जळकोट.

अप्पांना फोन केला. बोअरचं नाव बदला, पाया पडते म्हटलं. हसले. म्हणाले, आता कुठलं पोरी, लहान लेकरं बी ज्ञानूचाच बोअर म्हणतेत.

दुपारी
सर म्हणाले, तू नाही तर मी काढतो नाव. माऊसकडं हात — मीच आधी झडप घातली. माझं नाव पुसून 'अमृतराव' लिहिलं. आणि ते उडवलं. मर म्हटलं, मर एकदाचा!

ग्राफ आला. स्वच्छ.

सर मागं उभे. चहा पिऊन राहिलेत. ठणठणीत. म्हणाले, आधीच्या पोरीनं पण माझंच नाव टाकलं होतं. नाव मशीन ठरवत नसतं बाई, गाव ठरवतं —

बोटं गार —

अप्पांचा फोन वाजतोय. अप्पा, उचलता ये