मागाचा दांडा

सोलापूर, भवानी पेठ
मंगळवार, ता. ३१ मे १९३२
सकाळचे सव्वासहा. आत्ताच पटाशीला धार लावली, पाते पुसून ठेवले आणि लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप श्रीमंतदादा,

वाकून नमस्कार. आबांच्या आणि आईच्या पायांवर मी डोके ठेवले आहे असे समज. माझी प्रकृती ठीक आहे. तुझे कार्ड शनिवारी मिळाले. लोकर तीन गोणी झाली, येत्या सोमवारी, ६ तारखेला, मेंढरे घेऊन अकलूजहून निघता, शनिवारपर्यंत घरी पोचता आणि आबा लगेच घोंगड्यांना बसणार, हे सर्व समजले.

हे पत्र, टपाल येते त्या अकलूजच्या दुकानाच्या पायरीवर मोठ्याने वाचू नकोस. दुकानदार ऐकायला जवळ सरकतो, हे तूच लिहिले होतेस. आबा सोबत असतील तर म्हण, गुंडाचे बरे चालले आहे. बाकीचे एकट्याने वाच.

आधी चांगले सांगतो. तिप्पण्णा मिस्त्रींनी मला दुकानात माझी स्वतःची जागा दिली. आता मी नुसत्या तंबोऱ्याच्या खुंट्या घासत नाही. हे झाले एका गिटारीमुळे. गिटार हे सहा तारांचे विलायती वाद्य. मिस्त्री तिला साहेबाचा तंबोरा म्हणतात. मुक्या सिनेमाला साथ करणारे एक गोव्याचे मास्तर इथे होते. बोलपट आले आणि थेटरवाल्याने त्यांना घरी बसवले. कोल्हापुरात काम मिळत होते, पण बिऱ्हाड हलवताना गिटारीची मान मोडली, आणि महिनाअखेर तिथे हजर व्हायचे होते. मिस्त्रींनी काम घेतले आणि नवी मान करायला मला सांगितले.

पहिली मान मी वखारीतल्या सागाची केली. मापात सुताचाही फरक नव्हता. तारा चढवल्या आणि तिसऱ्या दिवशी ती पिळली. मिस्त्रींनी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिले.

"एनो गुंडा, ही मान हाय का शेळीचं शिंग? लाकूड ओलं हाय. चाळीस वर्सं वाळलेलं आण. दुसरी बी वाकली तर तू हाईस आणि तुजी मेंढरं हायेत."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी भाकरी गेली नाही. आबांच्या मनात नसताना मी मेंढरे सोडून इथे आलो. परत गेलो असतो तर आबा काही बोलले नसते, आणि तेच मला सोसले नसते.

वखारी पाहिल्या, जुना बाजार पाहिला. वाळलेला साग मिळेना. पुढे मिळाला, एवढेच इथे लिहितो.

दुसरी मान मात्र अशी झाली की मिस्त्री तिच्यावरून दोनदा हात फिरवून गेले. आधी वाकसाने तासून चौरस केली. मग दोन्ही मुठींनी धरून अंगाकडे ओढायचे पाते आहे, त्याने पाठ गोल केली. त्याच्या तासण्या लांब निघतात, कागदासारख्या. पुढे मरफा, म्हणजे लाकूड खाणारी खरबरीत कानस, आणि शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडणे. मास्तर रोज येत, मान हातात धरत आणि म्हणत, "हांगा आंगठो अडता मरे." म्हणजे इथे अंगठा अडतो. मी तिथे मरफ्याचे सात हात मारायचो, मोजून, आणि पुन्हा त्यांच्या हातात द्यायचो. बारा दिवस तारांचा ताण ठेवला. ती केसभर हलली नाही. परवा रविवारी मास्तर ती घेऊन गाडीत बसले.

त्या तासण्यांना एक वास होता, दादा. पाते पहिल्यांदा ओढले तेव्हाच आला. चिंचोक्याच्या खळीचा. आई घोंगड्याला लावायला चुलीवर शिजवते, तोच. मी पाते खाली ठेवले. मिस्त्रींनी विचारले, "काय रं, चक्कर आली?" मी म्हणालो, उन्हाने.

आता तुला कळले असेल. तुम्ही सगळे मेंढरांमागे गेलात तेव्हापासून घराची किल्ली माझ्याकडे होती. आपल्या मागाचा पुढचा दांडा, आबांच्या पोटाशी असतो, विणलेले घोंगडे ज्याच्यावर गुंडाळतात, तो मी काढून आणला आणि कापला. आजोबांनी केलेला दांडा. त्याच्यापेक्षा वाळलेला साग माझ्या ओळखीत दुसरा नव्हता.

एवढेच असते तर मी तुला दहा ओळींत लिहिले असते.

मी त्याच्या जागी दुसरा बसवला आहे. वखारीतला ओला साग. आबांच्या पोटाने पडलेली मधली खोलगट जागा मरफ्याने आणि काचेने तशीच उतरवली. डाव्या टोकाला कोयत्याचा जुना घाव होता, तोही केला. काजळी आणि तेल चोळले. चिंचोके शिजवून खळ फासली, वर कच्ची लोकर घासली. खरे सांगतो, इतके नेमके काम माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते. मागाला बसवून मी लांब उभा राहिलो, तर मलाच ओळखू येईना. मला त्याचा आनंद झाला, हे तुझ्यापाशी लपवत नाही. गप्प राहायचे ठरवूनच मी घराला कुलूप लावले होते.

मग तुझे कार्ड आले. तीन गोणी लोकर वाचली आणि ती पिळलेली मान डोळ्यांसमोर आली. हाही साग त्याच वखारीतला. मागावर ताण बसला की आठ दिवसांत हा दांडा पिळणार. घोंगड्याची एक कड लांब, एक आखूड होणार. आबा दांड्याला बोल लावणार नाहीत. गेल्या वर्षी व्यापाऱ्याने एक घोंगडे वाकडे म्हणून परत केले, तेव्हा ते स्वतःची बोटे उघडमीट करून बघत बसले होते, आठवते ना? "हात गेला माजा, श्रीमंत. आता सुताला कळतंय, मला न्हाय." दोन दिवस जेवले नव्हते. दांडा कापल्याचा राग ते माझ्यावर काढतील, तो मला चालेल. पण माझ्या लबाडीने त्यांनी स्वतःच्या हातावरचा भरवसा सोडला, तर ते मला पाहवणार नाही.

काल मिस्त्रींना सर्व सांगितले. त्यांनी हातातला हातोडा ठेवला.

"बापाचा माग मोडून माज्या दुकानाची अब्रू राखलीस? आणि मी तुज्या कामाची तारीफ करत बसलो!"

मी म्हणालो, दुकानातून काढा. त्यावर ते माळ्यावर चढले आणि जुन्या तुळईचा एक तुकडा खाली टाकला. पावणेतीन हात, हाडासारखा वाळलेला.

"हे ने. नऊ रुपये पगारातून कापीन. फुकट दिलं तर इसरशील."

दादा, तू एवढेच कर. मी पोचेपर्यंत मागाला सूत चढवू देऊ नकोस. काय कारण सांगायचे ते तुझ्यावर सोपवतो, पण दांड्याचे तू सांगू नकोस. ते मलाच सांगायचे आहे. तुम्ही पोचता त्या शनिवारी, ११ तारखेला सकाळी, मी तुळईचा तुकडा, वाकस आणि मरफा घेऊन घरी येतो. माझा दांडा आबांच्या समोर काढीन. नवा तिथेच अंगणात तासायला बसेन. आबांनी जवळ बसू दिले, तर त्यांच्या अंगाला लावून लावून खोलगट करीन. नाही बसू दिले, तर तू आजोबांच्या दांड्याचे माप आठवून सांग.

त्यांनी हात उगारला तर मध्ये पडू नकोस. आईलाही पडू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
गुंडा बिरप्पा

खर्च झाला तो:
पहिल्या मानेचा साग, रु. १-४-०
खोट्या दांड्याचा साग, रु. २-०-०
सरस व काचकागद, रु. ०-६-०
चिंचोके व तेल, रु. ०-३-०
एकूण रु. ३-१३-०

देणे आहे ते:
तिप्पण्णा मिस्त्री यांस, जुना साग, रु. ९-०-०. दरमहा एक रुपया.
आबांस, दांडा एक. इथे आकडा घातलेला नाही. तो आबा सांगतील.