झुडपावरचे चाळीस सेंटीमीटर

बाबा, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून एक मुलगी गळ्यापर्यंत बर्फात गेली. पाच दिवस झाले, तरी माझं डोकं सुन्न आहे. चहाचं आधण ठेवते आणि गॅस लावायलाच विसरते.

तुम्ही जन्मभर साखळी ओढत जमिनी मोजल्यात, मी इथे मेलबर्नजवळच्या डोंगरात बर्फ मोजते. ऑगस्टमध्ये बर्फ, हे तुम्हाला पटलं नसतं. गाडीच्या टपावर लेझर स्कॅनर असतो. गाडी चालत राहते आणि तो आजूबाजूच्या पृष्ठभागाची उंची टिपत जातो. फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात उघड्या जमिनीची एक फेरी, बर्फ पडल्यावर दुसरी. दुसरीतून पहिली वजा केली की बर्फाची खोली मिळते. पण दाट झुडूप असलं की लेझर त्याचे शेंडेच जमीन समजतो आणि बर्फाची खोली कमी भरते. म्हणून उन्हाळ्यात अशा जागी खाली उतरायचं, काठी आत खुपसून खरी जमीन शोधायची आणि मग फॉर्मवर ‘तपासलं’ म्हणून सही करायची. या फेब्रुवारीत अशाच एका झुडपापाशी ऊन मी म्हणत होतं, माश्या तोंडात जात होत्या, आत साप असेल अशी धास्तीही होती. मी गाडीत बसल्या बसल्याच सही ठोकली.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघीच आहोत. ती हैदराबादची, माझी ज्युनिअर, कॉन्ट्रॅक्टवर. नेमक्या त्याच जागी स्क्रीन चाळीस सेंटीमीटर दाखवतेय आणि ती काठी घेऊन पडताळायला निघालीय. “दीदी, फोर्टी ही है ना?” “हाँ, बिनधास्त जा,” मी म्हणते. दोन पावलं टाकते ना टाकते तोच तिचं डोकं आणि दोन हात तेवढे वर दिसताहेत. झुडपाखाली ओढ्याची घळ होती, बाबा. मी हातांनीच बर्फ उपसला. ती निघाली, पण घोटा मोडला.

शाळेच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर मोजणीला यायचे. दोन भावांच्या बांधावर घाणेरीची काटेरी झुडपं माजली होती आणि मी कंटाळून म्हणाले, “लिहा ना अंदाजे, कोण बघतंय?” तुम्ही साखळीचं टोक धरून आत शिरलात, शर्ट फाडून बाहेर आलात, आणि चारचौघांत मला म्हणालात, “जा, त्या दोघांना विचार अंदाज चालेल का.” केवढी लाज वाटली होती मला. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला उगाच बाऊ करायची सवय आहे, असं मी आईला सांगितलं होतं.

आमच्या साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलंय, ती बर्फात पुढची जागा न चाचपता गेली. मला विचारलं, “असंच झालं ना?” मी मान हलवली. मी ‘हो’ म्हणून मान हलवली, याच्यावर माझा स्वतःचा अजून विश्वास बसत नाही. पुढच्या महिन्यात तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. क्रेगीबर्नच्या माझ्या घरून रोज तिच्यासाठी हॉस्पिटलमध्ये वरणभाताचा डबा नेते. काल ती म्हणाली, “दीदी, गलती मेरी ही थी. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करेंगे ना?” मी म्हटलं, “पहले खाना खा ले.” आणि चमचा पुसत बसले.

सोमवारी फेब्रुवारीचा तो फॉर्म साहेबांपुढे ठेवायचा, असं ठरवलंय. ठरवलं तर कालही होतं. कुणाला तरी एकदा सगळं सांगून बघावं म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले. खरं सांगू? तुम्ही असतात, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.